आईचा फोन अजून वाजतो

प्रिय मावशी,

पाच महिन्यांपूर्वी माझी आई गेली. वय ७४. त्यातली शेवटची २८ वर्षं ती आमच्या वस्तीची होती म्हटलं तरी चालेल. बंद पडलेले दिवे, तुंबलेली गटारं, शाळेसमोरच्या झेब्रा क्रॉसिंगचे पुसट झालेले पट्टे, सगळ्याचा पाठपुरावा तीच करायची. पद नाही, पगार नाही. माझ्या आजारपणात रात्ररात्र उशाशी बसून राहणारीही तीच.

तिचा मोबाईल मी बंद केलेला नाही. लोकांचे फोन येतात आणि मी तिच्याच नावाने तक्रारी नोंदवत राहते. तिच्या वह्या उघडल्या की मात्र रडू आवरत नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी एक आजोबा फोन करतात. पहिल्या वेळी त्यांना "आई झोपलीय, सकाळी सांगते" असं बोलून गेले, ते आजतागायत खरं सांगितलेलं नाही. दादा म्हणतो, आता स्वीकारायला हवंस, फोन बंद कर.

वस्तीतले लोक स्मरणसभा घेणार आहेत. बागेत तिच्या नावाचं बाक बसवायचं म्हणतात आणि मी बोलावं असा आग्रह आहे. पण लहानपणी मला तिच्या या कामाचा रागच यायचा. नववीत असताना स्नेहसंमेलनाच्या दिवशी मी तिची वही लपवून ठेवली होती, निदान त्या दिवशी तरी ती माझी असावी म्हणून. ती आली, पहिल्या रांगेत बसली. मी आता कोणत्या तोंडाने बोलू?

एक मुलगी, वय ४१

*

अगं,

तुझं पत्र वाचताना मी त्या आजोबांपाशीच अडकले होते. त्यांच्याकडे शेवटी येते. आधी फोन.

दादाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. फोन कधीतरी बंद करावा लागेल, पण घाईने नाही. आईचा नंबर बँकेला, पेन्शनला, विम्याला जोडलेला असणार. ती कामं उरकेपर्यंत सिम चालू ठेवणं हा निव्वळ व्यवहार झाला, त्यात हळवेपणा शोधायचं कारण नाही. दुसरं म्हणजे बंद केलेला नंबर काही काळाने दुसऱ्या कुणाला दिला जातो. एक दिवस तुझ्याच हातून सवयीने तो लागला आणि पलीकडून भलतंच कुणी "हॅलो" म्हणालं, तर ते सोसायची तयारी हवी. ती झाली की बंद कर. मात्र तारीख तू ठरव आणि दादाला सांगून टाक. तारीख कळली की तोही जरा गप्प बसेल.

"स्वीकारायला हवंस" हे मात्र मला पटत नाही. दुःखाच्या पाच पायऱ्या असतात आणि शेवटची स्वीकाराची, हे दादाने कुठेतरी ऐकलं असणार. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९६९ साली त्या मांडल्या, पण स्वतःचं मरण समोर दिसत असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना तोच जिना पुढे लावला गेला आणि मग सगळ्यांनी एकमेकांना "कितव्या पायरीवर आहेस?" असं विचारायला सुरुवात केली. मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडलेलं मला जास्त खरं वाटतं. त्यांच्या मते माणूस दुःख आणि रोजची कामं यांच्यात येरझारा घालत राहतो आणि या येरझारांतूनच तो सावरतो. सकाळी गटाराची तक्रार नोंदवणारी आणि रात्री वही उघडून रडणारी, अशा दोघी तूच आहेस. त्यातली एक खोटी नाही.

पाच महिने म्हणजे काही फार झाले नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातही लांबलेल्या शोकाला आजार म्हणण्याआधी किमान सहा महिने जाऊ देतात आणि तेव्हाही नुसता काळ बघत नाहीत. झोप, भूक, नोकरी सगळं विस्कटलं असेल तर महिने न मोजता समुपदेशकाकडे जा. तुझ्या पत्रावरून तसं दिसत नाही.

आता एक गोष्ट थांबव. आईच्या नावाने तक्रारी नोंदवू नकोस. यात पापबिप काही नाही. पण तक्रारीमागे माणूस लागतो. चौकशीचा फोन येतो, जागा दाखवायला कुणीतरी यावं लागतं, आणि काम न होताच "निकाली" असा शेरा पडला तर भांडायलाही कुणीतरी लागतं. नाव त्या माणसाचं हवं. हे तुझ्या आईला पक्कं ठाऊक असणार. तिच्या वह्या रडायला उघडतेस तशा एकदा वाचायलाही उघड. तारीख, खांबाचा क्रमांक, तक्रारीचा क्रमांक, फोन कुणी घेतला, काय उत्तर दिलं, परत कधी विचारायचं, अशा नोंदी सापडतील. "कोपऱ्यावरचा दिवा बंद आहे" एवढ्यावर कुणी येत नाही, खांबाचा क्रमांक सांगितला तर येतं. लोक अशा बाईला प्रेमळ म्हणतात, मोठ्या मनाची म्हणतात. असेलही. पण २८ वर्षं वस्तीचे दिवे लागले ते तिच्या चिकाटीमुळे, आणि चिकाटीचं कौतुक सभेत सहसा कुणी करत नाही. तू कर.

त्या वह्या तू पुढे चालवल्याच पाहिजेत असं मात्र नाही. वस्ती तुझ्याकडे अपेक्षेने बघत असेल तर बघू दे. आईने हे काम निवडलं होतं, ते तिने तुझ्या नावावर करून ठेवलेलं नाही. तुला आवडत असेल तर एखादी गोष्ट घे, फक्त शाळेसमोरचे पट्टे, समज. बाकीचं वाटून टाक. फोन करणाऱ्याला म्हण, "आई गेली. तक्रार कशी नोंदवायची ते मी सांगते, तुम्ही तुमच्या नावाने करा." काही जण पुन्हा फोन करणार नाहीत. त्यांच्यासाठी तुझी आई म्हणजे एक सोय होती. वाईट वाटेल, पण कळलेलं बरं.

भाषणाबद्दल. कोणत्या तोंडाने म्हणतेस? वही लपवणाऱ्याच तोंडाने. बाकीचे सगळे तिच्या कामाबद्दल बोलतील, समाजसेविका, आधारवड वगैरे शब्द येतील आणि ऐकता ऐकता तुला वाटेल की ही बाई कोण? तू घरातली सांग. हात पुसत फोन घेणारी, तापात तुझ्या उशाशी बसून वहीत काहीतरी खरडणारी. तुझ्या आठवणीत जे असेल ते, माझं इथलं काही उचलू नकोस. पाच मिनिटांच्या वर जाऊ नकोस. लिहून काढ आणि कागदावरूनच वाच, त्यात कमीपणा नाही. एक प्रत दादाकडे दे, तुझा आवाज दाटला तर तो पुढे वाचेल.

त्या स्नेहसंमेलनाचं सांगच. एक विचारते. खिडकीत उभं राहून कुठल्या खांबाचा दिवा गेलाय ते ओळखणारी बाई असेल, तर स्वतःच्या घरात आपली वही कुठे गेली हे तिला कळलं नसेल? मला नाही वाटत. ती कळूनसवरून तुझ्याकडे येऊन बसली असावी, असा माझा अंदाज. आईला वस्तीबरोबर वाटून घ्यावं लागत होतं म्हणून तुला राग यायचा, आणि चौदा वर्षांच्या मुलीला तो यायचाच. त्या रागाची माफी मागायला ही सभा नाही.

बाकाला माझा विरोध नाही. फक्त सभेतच विचार, त्याची फळी मोडली तर दुरुस्त कोण करून घेणार? आईनेही आधी हेच विचारलं असतं. जो हात वर करेल त्याचं नाव लिहून घे आणि दिवे, गटारं, झाडं यांच्यासाठीही तिथेच एकेक माणूस माग. लोक भारावलेले असताना नावं मिळतात, आठवड्याने मिळत नाहीत.

आता आजोबा. त्यांच्या पुढच्या फोनची वाट बघू नकोस. तूच कर, तुझ्या स्वतःच्या नंबरवरून, आणि निवांत वेळ असेल तेव्हा. "त्या दिवशी मला सांगवलं नाही," एवढं म्हण, जास्त खुलासा नको. त्यांना धक्का बसला तर थोडं थांब, त्यांना बोलू दे. मला आपली एक शंका येते. वस्तीत बातमी लपत नाही आणि पाच महिने तर नाहीच नाही. त्यांना बहुधा कधीच कळलेलं असणार. तरीही ते त्याच नंबरवर फोन करतात आणि तूही तो उचलतेस.

तरी सांग.

तुझी मावशी