रजेआधी वेळापत्रकाला हात घाल

अगं, थेरपिस्टचं काम करून पार थकलेय, क्लायंटशी मन जुळत नाही, आपल्याकडून काही होत नाही, असं तू सांगितलंस. यावर कोकणात चार दिवस जाऊन ये असं सगळे सांगतील. जरूर जा. पण परत आल्यावर तेच गच्च भरलेलं वेळापत्रक वाट बघत असेल, तर आठवड्यात पुन्हा इथेच येशील. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउट हा आजार म्हणून नाही, कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणातून येणारी स्थिती म्हणून आहे. थकवा, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. तू सांगितलंस ते नेमकं हेच आहे.

म्हणून आधी वेळापत्रक मोड. ट्रॉमाच्या, म्हणजे मोठ्या मानसिक आघाताच्या, केसेस पाठोपाठ लावू नकोस. दोन सेशन्समध्ये १५ मिनिटं ठेव आणि नोंदी तिथेच संपव. काही महिने नवे क्लायंट घेऊ नकोस. जुन्यांना मात्र अचानक सोडायचं नाही. दुसरीकडे पाठवताना शेवटचं सेशन नीट कर, त्यांच्या संमतीनेच माहिती पुढे दे. रात्रीच्या मेसेजेसची मर्यादा आधीच स्पष्ट सांग, आणि संकटकाळासाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर प्रत्येकाकडे असू दे. तो चोवीस तास चालू असतो.

सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी थेरपिस्टशी आपल्या केसेसबद्दल नियमित बोलणं, सोडू नकोस. फक्त तुझी बढती ठरवणारी व्यक्ती सुपरव्हायझर नको; तिच्यासमोर खरं बोलवत नाही.

आणि सुट्टीतही मन उदास राहिलं, झोप उडाली, जगणं नकोसं वाटलं, तर हे बर्नआउटपुरतं नाही. मग थांबू नकोस, सायकियाट्रिस्टची अपॉइंटमेंट घे. मी सोबत येईन.