गोल दिसला की विवर नव्हे

चंद्र, अशनी (अवकाशातून येऊन आदळणारे दगड) आणि त्यांच्या आघाताने झालेले खड्डे म्हणजे विवरे यांबद्दल तेच ते गैरसमज पत्रांतून पुन्हा पुन्हा येतात. गेल्या महिन्यात तर एकाच आशयाची पाच पत्रे आली. म्हणून या वेळी निवडक प्रश्न एकत्र घेतले आहेत.

पौर्णिमेला गच्चीवरून नव्या दुर्बिणीतून चंद्र पाहिला. खड्डे दिसलेच नाहीत, नुसते डोळे दिपले. दुर्बीण परत करू का? (अक्कलकोट)

दुर्बीण ठीक आहे, तिथी चुकली. पौर्णिमेला चंद्रावर ऊन समोरून पडते, सावल्या उरत नाहीत आणि सावलीशिवाय खोली कळत नाही. शुद्ध नवमी-दशमीला उजेड आणि अंधार जिथे भेटतात त्या रेषेजवळ पाहा. तरीही काही दिसले नाही, तर परत करण्याआधी एखाद्या अनुभवी निरीक्षकाला दुर्बीण दाखवा.

नुसत्या डोळ्यांनी विवर दिसते का? (सोलापूर, जुळे सोलापूर)

नाही. काळे डाग दिसतात, पण ती थिजलेल्या लाव्हाची मैदाने आहेत.

मी परातीत पीठ पसरून गोटी तिरकी मारली, तर खड्डा लांबट झाला. मग तिरक्या आलेल्या अशनींची विवरे गोल कशी? (बार्शी, इयत्ता नववी)

पुस्तकातले वाक्य मान्य करण्याआधी तू परात घेतलीस, याचा मला फार आनंद झाला. फरक वेगाचा आहे. तुझी गोटी पीठ बाजूला सारते. अशनी मात्र सेकंदाला पंधरा-वीस किलोमीटर वेगाने येतो. एवढ्या वेगाने खडकावर आदळल्यावर तो खणत बसत नाही, त्याचा स्फोटच होतो. विहिरीच्या खडकात सुरुंग उडतो तेव्हा धक्का चहूकडे सारखा जातो, तसेच इथे घडते. म्हणून विवर अशनीपेक्षा कितीतरी पट मोठे होते आणि गोल होते. अगदीच जमिनीलगत, साधारण पंधरा अंशांहून कमी कोनात आलेल्या अशनीचे विवर लांबट होते. चंद्रावरचे मेसियर तसे आहे. आता पिठावर हळदीचा पातळ थर दे आणि गोटी सरळ वरून टाक. खालचे पांढरे पीठ वर उडून किरणांसारखे पसरेल. ते मात्र चंद्रावरही असेच घडते. नोंदी वहीत ठेव आणि विज्ञानाच्या बाईंना दाखव.

मोठ्या विवरांच्या मध्यभागी डोंगर असतो. म्हणजे ते ज्वालामुखीच ना? आमच्या ओळखीचे एक गृहस्थ तसे ठामपणे सांगतात. (मोहोळ)

ठामपणे सांगितल्याने ते खरे होत नाही. एके काळी शास्त्रज्ञही तसे मानत, पण आता तो वाद संपला आहे. चंद्राच्या दक्षिण भागातले टायको पाहा. रुंदी सुमारे 85 किलोमीटर, म्हणजे सोलापुरातून निघून पंढरपूर ओलांडावे एवढी. काठापासून तळापर्यंत खोली पावणेपाच किलोमीटरच्या आसपास, कळसूबाईच्या उंचीच्या जवळजवळ तिप्पट. एवढा आघात झाला की दाबलेला खडक काही मिनिटे द्रवासारखा वागतो. तळ उसळून वर येतो आणि तसाच गोठतो. तेच मधले शिखर. कडांचा भारही उभा राहत नाही. तो घसरत आत येतो, त्यातून आतल्या उतारावर घाटासारख्या पायऱ्या बनतात. पंधरा-वीस किलोमीटरहून लहान विवरांत हे काही घडत नाही, ती साध्या वाडग्यासारखी राहतात. टायकोपासून निघालेले पांढरे पट्टे दीड हजार किलोमीटरहून लांब गेले आहेत. ते अजून उजळ आहेत, कारण टायको तरुण आहे. त्याचे वय सुमारे 10 कोटी 80 लाख वर्षे मानतात.

जाहिरातीत साठ मिलिमीटरची दुर्बीण '525 पट' मोठे दाखवते म्हणतात. सोबत सूर्य पाहायला काळी काचही देतात. घ्यावी का? (सोलापूर, नवी पेठ)

घेऊ नका. साठ मिलिमीटरच्या भिंगातून 120 पटींपुढे फक्त धूसरपणा वाढतो. नेत्रिकेला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, लावायची ती काळी काच उन्हाच्या तापाने तडकते आणि पाहणाऱ्याचा डोळा कायमचा जातो. ती काच आजच फोडून फेका. कुणी तिच्यातून सूर्याकडे पाहिले असेल, तर त्रास जाणवत नसला तरी आजच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

आमच्या शेतात एक मोठा गोल खड्डा आहे. लोणारसारखा तोही अशनीने झाला, असे गावात म्हणतात. त्यातले काळे दगड चुंबकाला चिकटतात. एक माणूस लाखो रुपये देतो म्हणतो, पण आधी 'तपासणी'चे पैसे मागतो. (मंगळवेढा तालुका)

हे पत्र वाचून मला काळजी वाटली. पैसे दिले नसतील तर देऊ नका. दिले असतील तर पोलीस ठाण्यात तक्रार करा, लाज धरून वेळ घालवू नका. 'तांदूळ ओढणारा दगड' म्हणून चालणारी फसवणूक याच घाटाची आहे: आधी मोठ्या किमतीचे आमिष, मग चाचणीसाठी आगाऊ रक्कम.

आता दगडांबद्दल. आपण दख्खनच्या काळ्या पाषाणावर राहतो. या पाषाणातच चुंबकीय लोहखनिज असते, त्यामुळे आपल्या बांधावरचा साधा दगडही चुंबक ओढतो. सोलापूर जिल्ह्यात चुंबकाची परीक्षा निरुपयोगी आहे. दगड जाळीदार असेल आणि भोकांत पांढरे स्फटिक असतील, तर तो इथलाच. अशनी बहुधा आकाराच्या मानाने जड आणि भरीव असतो, नुकता पडलेला असेल तर त्यावर पातळ काळी साल असते.

आणि खड्डा. जुनी मुरुमाची खाण, बुजलेली विहीर, ओढ्याने पोखरलेली जागा, हे सगळे गोल दिसू शकते. विवर ओळखायचे ते काठावरून. आघाताने काठाचे थर उचलले जातात आणि बाहेरच्या बाजूला कलतात, त्याभोवती आतून उडालेला राडा पसरतो. पक्का पुरावा सूक्ष्मदर्शकाखाली मिळतो. लोणारच्या खडकात आघाताने काच बनलेले फेल्डस्पार हे खनिज सापडले, म्हणून लोणार निर्विवाद ठरले. तुमच्याकडे काठ उचललेला आहे का, हे मला पत्रावरून सांगता येणार नाही. खड्डा बुजवण्याआधी भूशास्त्राच्या प्राध्यापकांना प्रत्यक्ष दाखवा. दगड घासू, फोडू किंवा आम्लात घालू नका. कधी डोळ्यांदेखत अशनी पडला, तर वेळ आणि दिशा लिहून ठेवून लगेच तहसील कार्यालयाला कळवा. भारतात पडलेले अशनी जतन करण्याचे काम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे आहे.

नातवाच्या वाढदिवसाला चंद्रावरच्या विवराला त्याचे नाव विकत घेता येते का? (पंढरपूर)

नाही. ही नावे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ ठरवतो आणि तो ती विकत नाही. साराभाई, भाभा आणि रामन यांची नावे तिथे आहेत, ती नातवाला दाखवा.

सुट्टीत मुलांना घेऊन लोणारला जातो आहोत. काय पाहावे? (करमाळा)

आधी काठावरून चाला. सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचा तो वाडगा एका नजरेत मावतो. मग काठाजवळचे काळे थर कुठल्या बाजूला कलले आहेत ते मुलांनाच शोधू द्या. लोणार अभयारण्य आहे, दगड उचलू नका आणि तळाकडे उतरण्याआधी वन विभागाच्या कर्मचाऱ्यांना विचारा.