संस्थेच्या वर्गात घातलं तर पोराला ‘ढ’ म्हणतील, मग नाव काढून घेऊ का?

सरकारी शाळांमधे समुपदेशनाचं काम करताना पालकांकडून जो प्रश्न मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलाय तो हा. शाळेत एखादी स्वयंसेवी संस्था येते, मागे पडलेल्या मुलांना वेगळं बसवून वाचायला शिकवते, घरी संमतीपत्र येतं आणि आई-वडिलांच्या पोटात गोळा येतो. काहीजण भांडतात, काहीजण कागद भरतच नाहीत, काहीजण माझ्याकडे येऊन हळू आवाजात विचारतात की मॅडम, नाव काढता येईल का. त्यातल्याच एका आईची ही गोष्ट. तिची आणि तिच्या मुलाची ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत, पण जे घडलं ते असंच.

मुलगा पाचवीत होता. आई आली तीच रागात, संमतीपत्र हातात, सही न केलेलं. म्हणाली, "मॅडम, माझा मुलगा घडाघडा वाचतो, मी रोज ऐकते स्वयंपाक करताना, आणि ह्या संस्थेच्या पोरींनी पाच मिनिटं एक कागद दाखवला आणि म्हणाल्या शब्दांच्या पातळीवर आहे म्हणून. त्यांना मुलांचा आकडा दाखवायचा असेल वरती, त्यात माझं पोर कशाला?" आणि मग थोडं थांबून, आवाज उतरवून, "त्याच्या मोठ्या बहिणीला कधी कुणी असं वेगळं नाही बसवलं हो."

मला त्या दुसऱ्या वाक्यातच खरी काळजी ऐकू आली. राग संस्थेवर नव्हताच, भीती होती की हा शिक्का एकदा बसला की पुसला जाणार नाही.

मग मी एक चूक केली, ती आधी सांगते कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. मी मुलाला बोलावून घेतलं आणि आईसमोरच वाचायला लावलं. आधी त्याचं मराठीचं पुस्तक दिलं, तर खरंच घडाघडा, आवाजातले चढउतारसुद्धा बरोबर. पण त्याचं बोट बघत होते मी. बोट दोन ओळी मागे आणि तोंड पुढे. मग मी दुसरं एक गोष्टीचं पुस्तक दिलं, त्याने कधी न बघितलेलं, तसं तर दुसरीच्या पुस्तकाएवढंच सोपं. तो चित्राकडे बघून वाक्यं रचायला लागला. मी चित्रावर हात ठेवला. तो गप्प झाला, आईकडे बघितलं, आणि त्याचं तोंड असं झालं की ते मला अजून आठवतं. पाच वर्षं जे लपवलं होतं ते एका मिनिटात, ते पण आईसमोर, मी उघडं पाडलं होतं.

झालं असं होतं की वर्गात सर धडा वाचायचे, सगळी मुलं मागून म्हणायची, घरी बहीण मोठ्याने वाचायची, आणि ह्याचं पाठांतर जबरदस्त, दोनतीनदा ऐकलं की अख्खा धडा तोंडपाठ. म्हणजे आई खोटं बोलत नव्हती, तिने जे ऐकलं ते तिला वाचनच वाटलं, कुणालाही वाटलं असतं. शिक्षकांनाही वाटत होतं, ६० मुलांच्या वर्गात कोण बोट बघत बसणार.

दुसऱ्या दिवसापासून मुलाने शाळेला दांड्या मारायला सुरुवात केली. पोट दुखतंय, डोकं दुखतंय. संस्थेच्या वर्गात तर पायच ठेवेना.

मी त्याच्याशी एकटीने बोलायला गेले, आई नको, सर नको. माफी मागितली, सरळ. म्हटलं तुझं वाचणं मी सगळ्यांसमोर तपासायला नको होतं, ते माझं चुकलं. लहान मुलांची माफी मागितली तर ती लगेच विरघळतात असं नसतं, तो तसाच बसून राहिला बराच वेळ. मग विचारलं की तुला त्या वर्गातलं नक्की काय आवडत नाही. मला वाटलं होतं म्हणेल मला ढ म्हणतात. तो म्हणाला, "ती ताई दारात येऊन ओरडते, संस्थेची मुलं उठा."

एवढंच. त्याला ताईंचा राग नव्हता, शिकायचा कंटाळा नव्हता, वाचायला यावं असं तर त्याला फारच वाटत होतं. त्याला फक्त सगळ्या वर्गासमोर उठून दारापर्यंत चालत जायचं नव्हतं, ती दहा-बारा पावलं. आणि दुसरी गोष्ट, तो वर्ग चित्रकलेच्या तासाला असायचा, जो एकच तास असा होता की त्यात तो खरंच पहिल्या नंबरात होता.

मुलाला ढ ठरवतं काय, वेगळी मदत की ती द्यायची पद्धत? माझं मत विचाराल तर दहातल्या नऊ वेळा पद्धतच. मदत तर लागतेच. ‘होईल आपोआप मोठा झाला की’ हे वाचनाच्या बाबतीत खरं नाही ठरत. १९८६ साली कीथ स्टॅनोविच नावाच्या मानसशास्त्रज्ञाने हे फार नीट मांडलं होतं, की ज्याला वाचता येतं तो जास्त वाचतो आणि म्हणून त्याला आणखी चांगलं वाचता येतं, ज्याला येत नाही तो वाचन टाळतो आणि म्हणून आणखी मागे पडतो, अंतर वाढतच जातं. आणि पाचवीनंतर इतिहास, विज्ञान, गणितातली शाब्दिक उदाहरणं, सगळं वाचूनच शिकायचं असतं, तेव्हा पोरगं एका विषयात नाही, सगळ्यात अडकतं.

आईचा पुढचा प्रश्न होता की ह्या मुलींना काय येतं, त्या काय शिक्षिका आहेत का, बारावी झालेल्या वस्तीतल्याच पोरी. रास्त प्रश्न आहे. मी तिला बालसखीबद्दल सांगितलं. मुंबई आणि वडोदऱ्यात ‘प्रथम’ नावाच्या स्वयंसेवी संस्थेने वस्तीतल्याच तरुण मुलींना थोडं प्रशिक्षण देऊन बालसखी म्हणून पालिकेच्या शाळांमधे पाठवलं होतं, तिसरी-चौथीतल्या मागे राहिलेल्या पंधरा-वीस मुलांचा गट रोज साधारण दोन तास घेऊन बसायचं, अगदी पायाभूत वाचन आणि आकडेमोड. २००१ ते २००३ च्या दरम्यान त्याचा नीट अभ्यास झाला, काही शाळांना बालसखी आणि काहींना नाही असं चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून, अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो ह्यांच्या टीमने, ज्यांना पुढे २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मुलांचे मार्क वाढले, आणि सगळ्यात जास्त फायदा झाला तो तळाच्या मुलांना. गंमत म्हणजे ही मुलं बाहेर गेल्यावर वर्गात जी मुलं उरली त्यांचा वर्ग लहान झाला तरी त्यांना विशेष फरक पडला नाही. म्हणजे नुसती गर्दी कमी होऊन भागत नाही, मुलाला जिथून येत नाही तिथून कुणीतरी शिकवायला लागतं, आणि ते शिकवायला डिग्रीपेक्षा रोज येणारं, धीराने ऐकून घेणारं माणूस लागतं. पुढे ह्याच विचारातून इयत्तेप्रमाणे नाही तर पातळीप्रमाणे गट पाडून शिकवायची पद्धत तयार झाली, ती आता आफ्रिकेतल्या झांबियासारख्या देशांच्या सरकारी शाळांमधेही चालते.

आईने हे सगळं ऐकलं आणि म्हणाली, "ते ठीक आहे पण चिडवतील त्याचं काय?" बरोबरच होतं तिचं, संशोधनाने चिडवणं थांबत नाही.

म्हणून मी संस्थेच्या ताईंकडे आणि वर्गशिक्षकांकडे गेले. सांगायला बरं वाटतं की दोघांनीही ऐकून घेतलं. दारात येऊन नाव पुकारणं त्याच दिवशी बंद झालं. तास बदलायला मात्र तीन आठवडे लागले, वेळापत्रक, मुख्याध्यापकांची परवानगी, संस्थेच्या दुसऱ्या शाळेची वेळ, असं सगळं. शेवटी जो तोडगा निघाला तो मला आजही सगळ्यात चांगला वाटतो, तिसरी ते पाचवीच्या सगळ्याच मुलांचा एक तास वाचनाचा, सगळीच मुलं उठून आपापल्या गटात जातात, कुणी अक्षरांच्या, कुणी शब्दांच्या, कुणी उताऱ्याच्या, कुणी गोष्टीच्या, गटांना नावं झाडांची, आणि गोष्टीचा गट वर्गशिक्षक स्वतः घेतात. सगळेच उठले की कुणीच उठून दिसत नाही. सगळ्या शाळांना हे जमत नाही हे मला माहितीये, पण विचारल्याशिवाय तर कुठेच जमत नाही.

संस्थांनाही मी एक गोष्ट नेहमी सांगते, थोडी कडक वाटली तरी. मुलांच्या पाठीवर तुमच्या संस्थेचं नाव छापलेले टी-शर्ट नको, ‘कमकुवत विद्यार्थ्यांसाठी’ असा बॅनर लावून त्याखाली मुलांचे फोटो नको. देणगीदारांना काम दाखवायला लागतं ते कळतं मला, पैसा त्यातूनच येतो आणि त्या पैशावरच हे वर्ग चालतात, पण तो फोटो त्या मुलाच्या वर्गातल्या पोरांच्या मोबाइलवर पण पोचतो.

आता पालकांनी काय करायचं ते. नाव काढायच्या आधी जाऊन विचारा. आठवड्यातून किती दिवस घेता, कारण एक दिवसाने काही होत नाही, तीन-चार दिवस तरी हवेत. कुठल्या तासाला घेता, खेळाचा किंवा त्याच्या आवडीचा तास जात असेल तर आग्रहाने बदलून मागा. पातळी कशी ठरवली आणि परत कधी तपासणार हे तर विचाराच, कारण ज्या वर्गातून पुढे जायचा रस्ता नसतो तिथे शिक्का बसतो, आणि दर महिन्या-दीड महिन्याने तपासून मूल पुढच्या गटात जात असेल तर तो शिक्का राहात नाही, जिन्याची पायरी होते. वर्गशिक्षकांना माहितीये का की इथे काय शिकवलं. संस्था वर्ष पूर्ण होईपर्यंत थांबणार आहे का, कारण मधेच ताई बदलली की मुलं फार हलतात. आणि ह्या सगळ्याच्या आधी डोळे आणि कान तपासून घ्या, फळा न दिसणारी मुलं मी ‘लक्ष नाही’ म्हणून बसवलेली बघितलीयेत. चार-सहा महिने नियमित वर्गाला जाऊनही अक्षरं सारखी उलटसुलट होत असतील, काहीच पुढे सरकत नसेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी तज्ज्ञांकडून करून घ्यावी, तिथे संस्थेचा वर्ग पुरत नाही.

घरचं काम मात्र आईचंच होतं आणि ते सगळ्यात अवघड निघालं. घरात बहीण ‘हुशार’ आणि हा ‘पाठांतरात हुशार’ अशी वाटणी झालेली होती. हुशार हा पण शिक्काच असतो. १९९८ साली क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक ह्यांनी पाचवीतल्याच मुलांवर प्रयोग केला होता, सोपं कोडं सुटल्यावर काहींना म्हटलं तू हुशार आहेस, काहींना म्हटलं तू छान मेहनत केलीस. पुढे अवघड कोडी आल्यावर हुशार म्हटलेली मुलं लवकर खचली, आणि आपले मार्क दुसऱ्यांना सांगताना वाढवून सांगणारी मुलंही त्यांच्यातच जास्त निघाली. मी आईला म्हटलं, तुमचं पोर खोटारडं नाहीये, ते आपलं नाव सांभाळत होतं तुमच्याजवळचं.

ती खूप रडली त्या दिवशी. मग विचारलं मी करू काय. मी दोनच गोष्टी सांगितल्या. रोज दहा मिनिटं, पाठ नसलेलं काहीतरी, आणि तो अडला की शब्द पुरवायचा नाही, मनात पाच आकडे मोजायचे. तिला ते जमेना सुरुवातीला, दोन म्हणेपर्यंत तोंडातून शब्द निघायचाच. बहिणीचं तर विचारूच नका, ती दुसऱ्या खोलीतून सांगायची.

सहामाही संपेपर्यंत तो उताऱ्याच्या गटात पोचला. गोष्टीच्या गटात नाही, जोडाक्षरं अजून त्याला छळतात, रफार आला की थांबतो. चित्रकलेचा तास त्याला परत मिळाला. पोटदुखी कमी झाली, पूर्ण गेली नाही, परीक्षेच्या दिवशी अजून होते.

दुसऱ्या सहामाहीचं संमतीपत्र द्यायला आई आणि तो दोघं आले होते. कागद त्याच्याच हातात होता. आई म्हणाली, "वाच की, कशावर सही करतेय मी." त्याने बोट ठेवलं, ह्यावेळी बोट आणि तोंड एकाच जागी होतं, आणि हळूहळू वाचायला लागला. "माझ्या पाल्याला वाचन व–" आणि ‘वर्गात’ वर अडकला. मी आईकडे बघितलं. ती ओठ घट्ट मिटून उभी होती, आणि साडीच्या पदराखाली तिच्या हाताची बोटं एकेक करून मिटत होती, एक, दोन, तीन, चार.

"वर्गात," तो म्हणाला, आणि पुढे वाचायला लागला.