सर्वांसाठी आरोग्यसेवेच्या कायद्याला डॉक्टर पाठिंबा का देत नाहीत? त्यांना सोबत कसं घ्यायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्यात तुम्ही काही जण मिळून, देशात कुणावरही उपचारासाठी जमीन विकायची वेळ येऊ नये असा कायदा व्हावा म्हणून सह्या गोळा करताय. शिक्षक, वकील, दुकानदार सही करतात. डॉक्टर मात्र चहा पाजतात, ‘चांगलं काम करताय’ म्हणतात आणि सही करत नाहीत.

तो चहा मी पाजलेलाही आहे आणि समोर बसून प्यायलेलाही आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी भूलतज्ज्ञ आहे. घर मिरजेत, पण स्वतःचं हॉस्पिटल नाही. तासगाव, विटा, कवठेमहांकाळ, कधी थेट जत. फोन आला की गाडीत पेटी टाकायची आणि निघायचं. सर्जन आपापल्या हॉस्पिटलचा असतो, ‘भूलवाल्या मॅडम’ सगळ्यांच्या असतात. पेशंट स्थिर झाला की टाके घालता घालता सर्जन जे बोलतो, ते तो घरीही बोलत नसावा. बँकेचा हप्ता, शेजारी नवीन झालेलं हॉस्पिटल, मुलाची मेडिकलची फी, परवा काउंटरवर आलेले दहा-बारा नातेवाईक. बावीस वर्षं हे ऐकतेय.

आता माझी चूक सांगते, कारण तुम्हीही तीच करताय. दोन वर्षांपूर्वी आम्ही चार डॉक्टर असाच कागद घेऊन तालुक्यातालुक्यात फिरलो. मी पाठ करून गेले होते. पैसे नाहीत म्हणून कुणाचा उपचार अडता कामा नये, हे ब्रिटिश सरकारनं नेमलेल्या भोर समितीनं १९४६ सालीच लिहून ठेवलंय. २०११ मध्ये डॉ. श्रीनाथ रेड्डी यांच्या तज्ज्ञ गटानं सांगितलं, हा खर्च मुख्यतः करातून करा, विम्यावर विसंबू नका. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारनं स्वतः शब्द दिला की २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेऊ. २०२१-२२ चा सरकारी हिशेब १.८४ टक्के दाखवतो. त्याच हिशेबात देशाच्या एकूण आरोग्यखर्चातले ३९.४ टक्के लोकांच्या खिशातून गेलेले आहेत.

कुणी वाद घातला नाही. सगळे म्हणाले, ‘मॅडम, तुमचं बरोबर आहे.’ आमच्याकडे ‘तुमचं बरोबर आहे’ याचा अर्थ ‘बाहेर पेशंट थांबलेत’.

कोंडी फुटली ती एका सर्जनच्या केबिनमध्ये. तालुक्याचं गाव, सोळा खाटा, वर राहायला घर. माणूस हाताचा चांगला, जिभेचा तिखट. कायद्याचं नाव काढताच उखडला. ‘सगळं फुकट करा म्हणणारे तुम्ही, आणि बिल भरणारा मी!’ मग कपाटातून एक लांबट वही काढली. एका योजनेच्या पॅनेलवर तो तीन वर्षं होता. वहीत प्रत्येक केस: ऑपरेशनची तारीख, क्लेम पाठवल्याची तारीख, पैसे आल्याची तारीख, किती कापले, का कापले. काही ओळींसमोर शेवटचे रकाने कोरेच होते. एका हर्नियाचा क्लेम नाकारला होता, कारण डिस्चार्जच्या वेळचा फोटो अपलोड झाला नव्हता. पेशंट बरा होऊन शेतात कामाला लागला होता, तरी कागदावर त्याचा फोटो नव्हता. त्या केसची माझी फी त्यानं मला स्वतःच्या खिशातून दिली होती. हे मला त्या दिवशी कळलं.

मी म्हटलं, ‘सर, कायदा बाजूला ठेवा. कुठल्या अटींवर तुम्ही सरकारचं काम आनंदानं कराल ते लिहून द्या.’ तो म्हणाला, लिहून काय होणार. पण लिहायला बसला, आणि अर्धा तास लिहीत होता.

पैसे तीस दिवसांत, उशीर झाला तर व्याजासकट. दर दरवर्षी तपासायचे आणि ठरवताना छोट्या हॉस्पिटलचा खर्च विचारायचा. पुण्या-मुंबईच्या कॉर्पोरेटचा नको आणि आमच्या सिव्हिलचाही नको, कारण सिव्हिलचे पगार आणि इमारत सरकारच्या खात्यावर असतात. क्लेम नाकारला तर अपील त्याच विषयाच्या डॉक्टरसमोर. पेशंट दगावला तर आधी वैद्यकीय मंडळाचं मत, मग पोलीस. आणि मारहाणीविरुद्ध २०१० चा जो कायदा राज्यात आहे, तो तालुक्याच्या पोलीस ठाण्यात कुणीतरी वाचलेला असावा. (हे शेवटचं त्याच्याच शब्दांत.)

पाच अटी. मी त्या टाइप केल्या आणि वर एकच वाक्य घातलं: या अटी कायद्यात लिहिल्या तर प्रत्येक नागरिकाला मोफत उपचार देणाऱ्या राष्ट्रीय व्यवस्थेत आम्ही काम करू. तो कागद घेऊन तोच सर्जन फिरला, मी नाही. आधीच्या कागदावर सहा सह्या होत्या, या कागदावर तीन महिन्यांत अडतीस झाल्या. मागणी तीच होती, फक्त आता ती डॉक्टरच्या बाजूनं लिहिलेली होती.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. ब्रिटनच्या ‘एनएचएस’चं, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचं कौतुक आपण सगळेच करतो, पण ती सुरू व्हायच्या पाच महिने आधी, फेब्रुवारी १९४८ मध्ये, तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेनं मतदान घेतलं तेव्हा जवळजवळ नव्वद टक्के डॉक्टर विरोधात होते. आरोग्यमंत्री अन्युरिन बेव्हन हा खाणकामगाराचा मुलगा, बोलायला आमच्या सर्जनपेक्षाही तिखट. पण त्यानं नुसती भाषणं केली नाहीत. मोठ्या तज्ज्ञांना सरकारी रुग्णालयात राहून खासगी प्रॅक्टिस करायची मुभा दिली. फॅमिली डॉक्टरांना भीती होती की आपल्याला पगारी नोकर करून टाकतील. तसं करणार नाही हे त्यानं कायद्यात लिहून द्यायचं कबूल केलं. ५ जुलैला सेवा सुरू झाली तेव्हा बहुतेक डॉक्टर आत होते. कॅनडात सस्कॅचवान प्रांतात १९६२ साली याच मुद्द्यावर डॉक्टर तेवीस दिवस संपावर गेले. समझोता झाला तो असा: बिल सरकार भरेल, पण डॉक्टर सरकारी नोकर होणार नाही.

आणि आपल्याकडे राजस्थान. मार्च २०२३ मध्ये तिथल्या विधानसभेनं आरोग्य हक्काचा कायदा मंजूर केला. अत्यवस्थ रुग्णाला आगाऊ पैसे न मागता उपचार द्या, त्यानं नाही भरले तर सरकार भरेल. हेतू सोन्यासारखा. पण सरकार किती, कधी आणि कुठल्या खिडकीवरून भरणार, हे नियमांवर सोडलेलं होतं आणि नियम आलेले नव्हते. खासगी हॉस्पिटलं दोन आठवडे बंद राहिली, आणि ४ एप्रिलला तोडगा निघाला तेव्हा पन्नासपेक्षा कमी खाटांची खासगी हॉस्पिटलं कायद्यातून वगळायचं ठरलं. तालुक्यातली जवळपास सगळी हॉस्पिटलं पन्नासच्या आतलीच असतात. ज्या हॉस्पिटलात गरीब माणूस रात्री दोन वाजता खरोखर जातो तेच बाहेर राहिलं. हे होऊ द्यायचं नसेल तर सोळा खाटांच्या माणसाशी आधी बोला. मोठ्या हॉस्पिटलचे संचालक व्यासपीठावर छान दिसतात, पण ते तुमच्यावाचून सरकारशी बोलू शकतात. या छोट्या हॉस्पिटलवाल्याला दुसरं कुणी नाही.

सोळा खाटावाल्याच्याही आधी कुणाकडे जायचं असेल तर गावातल्या फॅमिली डॉक्टरकडे जा, मग तो एमबीबीएस असो की बीएएमएस. आमच्या लोकांना (मी धरून) त्यांना जरा कमी लेखायची सवय आहे, ती घरी ठेवून जा. माझा या सगळ्यातला सर्वांत मोठा धडा त्यांच्याकडूनच आला. आपल्या योजना घ्या: २०१२ ची राजीव गांधी जीवनदायी, नंतर तिचंच नाव महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य, २०१८ ची आयुष्मान भारत, पाच लाखांपर्यंतचं संरक्षण, आता राज्यात सगळ्या रेशनकार्डवाल्यांना. पण या योजना मुख्यतः ॲडमिट झालेल्याच्या. जतच्या एका जीपीनं, म्हणजे फॅमिली डॉक्टरनं, मला विचारलं, ‘मॅडम, माझ्याकडे दिवसाला साठ पेशंट येतात. शुगर, बीपी, थायरॉइड. त्यातला ॲडमिट कोण होतो? ही माणसं महिन्याच्या गोळ्यांनी कंगाल होतात. तुमच्या कायद्यात त्या गोळ्या कुठं आहेत? आणि मी कुठं आहे?’

मी त्यांना ब्रिटनची पद्धत सांगितली. तिथल्या जीपीकडे नाव नोंदवलेल्या माणसांची यादी असते आणि त्या यादीवर वर्षभराचे पैसे मिळतात, पेशंट आजारी पडो न पडो. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘म्हणजे त्याची शुगर ताब्यात राहिली तर नुकसान माझं नाही.’ इतक्या कमी शब्दांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या एका माणसानं पुढं अकरा सह्या आणल्या.

मिरजेबद्दल एक आडवाट. इथं १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू झालं, १९६२ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज, आणि आता गल्लोगल्ली नर्सिंग होम. कर्नाटकातून माणसं एसटीनं इथं उपचाराला येतात. म्हणजे डॉक्टर कमी आहेत म्हणून उपचार मिळत नाहीत, हे कारण निदान मिरजेत चालत नाही. मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात एकाच कुटुंबातून कोरोना पसरला, तेव्हा दारोदार फिरल्या त्या आशाताई आणि आरोग्य सेविका, आणि पेशंट घेतले ते मिरजेच्या सिव्हिलनं. आम्ही खासगीवाले पहिले काही आठवडे शटर अर्धं ओढून बसलो होतो. पुढं सरकारनं खासगी हॉस्पिटलांतल्या ऐंशी टक्के खाटांचे दर बांधून दिले, बिलं तपासायला ऑडिटर बसवले. त्याचा राग डॉक्टरांच्या मनात अजून आहे. तुम्ही ‘दरनियंत्रण’ म्हणता तेव्हा त्यांना तो ऑडिटर दिसतो. शब्द बदला असं नाही म्हणत, पण हे माहीत असू द्या.

आता जे जमलं नाही ते. मला कागदावर सहावी अट हवी होती, आमच्यावर लागू होणारी: पेशंट पाठवल्याबद्दल कुणी कट घेणार नाही, देणार नाही, आणि दरपत्रक दारावर लावेल. दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावणं तर २०२१ पासून राज्याच्या नर्सिंग होम नियमांतच आहे. बैठकीत ही अट वाचली आणि पंखा फिरल्याचा आवाज ऐकू येऊ लागला. एक ज्येष्ठ म्हणाले, ‘आधी सरकारला आपलं मागू, आपलं नंतर बघू.’ मी म्हैसाळची आठवण काढली. २०१७ साली आमच्याच तालुक्यातल्या या गावात, बेकायदा गर्भपात करून ओढ्याकाठी पुरलेले एकोणीस भ्रूण सापडले होते, आणि आपलं आपण बघू म्हणणाऱ्यांनी तोवर काय बघितलं होतं, असं विचारलं. बोलायला नको होतं असं नाही, पण तिथं आणि तसं नको होतं. दोघं उठून गेले. सहावी अट खोडली गेली. त्या आठवड्यात मला दोन हॉस्पिटलांतून केसचे फोन आले नाहीत. पुढच्या महिन्यात एकाकडून पुन्हा सुरू झाले. दुसरीकडे आता वेगळा भूलतज्ज्ञ जातो.

तुमच्यासाठी काही बारीक गोष्टी. ओपीडी चालू असताना जाऊ नका. दुपारी तीन ते पाच, डॉक्टर जेवून उठलेला असतो आणि संध्याकाळची गर्दी सुरू व्हायची असते. बॅनर, फोटोग्राफर, पुढारी, काही नको. सोबत एक डॉक्टर असू द्या, साताऱ्यात न मिळाला तर कऱ्हाडला शोधा, तिथं मेडिकल कॉलेजमुळं तरुण पोरं-पोरी भरपूर आहेत. हप्ता सुरू व्हायच्या आत ती मोकळेपणानं बोलतात. पहिल्या भेटीत सही मागू नका. ‘तुमचे पैसे कुठं कुठं अडकलेत?’ एवढंच विचारा आणि मग कितीही वेळ लागो, ऐका. घड्याळ बघू नका. ‘तुम्ही डॉक्टर लोक’ हे शब्द तर एकदाही नकोत.

आमचा कागद हवा असेल तर निरोप टाका, पाठवते. अटी जशाच्या तशा उचलू नका, तुमच्याकडच्या डॉक्टरच्या हातानं पुन्हा लिहून घ्या. जावळी-पाटणच्या डोंगरातल्या डॉक्टरची पहिली अट पैशाची नसून रस्त्याची किंवा ॲम्ब्युलन्सची असेल. आमच्या कागदाच्या खाली एक ओळ खोडलेली दिसेल. ती वाचता येते. जमलं तर तुमच्या प्रतीत ती न खोडता ठेवून बघा, आणि किती जण उठून गेले ते मला कळवा.