आजीची वाकळ, तुझा कोट आणि 18 हजारांचं निमंत्रण

प्रश्न : मी कराडजवळच्या एका गावात राहते. बारावीनंतर आयटीआयमधून ड्रेस मेकिंगचा एक वर्षाचा कोर्स केला. सध्या घरीच ब्लाउज आणि ड्रेस शिवते. आजीच्या जुन्या लुगड्यांपासून, वाकळेचे टाके घालून, मी एक लांब कोट, एक जॅकेट आणि एक कुर्ता तयार केला. कोटाचे फोटो ऑनलाइन टाकले, तर एका फॅशन शोवाल्यांचा मेसेज आला : 'ज्युरीने तुमची निवड केली आहे, रविवारपर्यंत 18 हजार भरून जागा निश्चित करा.' बाबा म्हणतात पैसे बुडणार. मैत्रीण म्हणते परदेशातल्या स्पर्धेत पाठव. अशा शोमध्ये निवड झाली तर निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेच्या प्रवेशाला किंवा नोकरीला उपयोग होतो का? आणि निम्मे टाके आजीने घातलेत. तिचं नाव द्यायचं का? आमचे एक सर म्हणतात, देऊ नको, मार्क जातील. (विद्यार्थिनी, वय 20)

उत्तर : तू पाठवलेले फोटो मी लॅपटॉपवर मोठे करून पाहिले. कोटाच्या पाठीवरचा तो हिरव्या इरकली काठाचा तुकडा फार सुरेख बसलाय. काठ मध्ये कापला नाहीस, त्याच्या भोवतीनं बाकीचं कापड जुळवलंस, हे कळतं. उजव्या बाहीचं मात्र बोलावं लागेल. ते नंतर.

आधी 18 हजारांचं. बाबांचं म्हणणं मला पटतं, पण कारण थोडं वेगळं आहे. पैसे बुडतीलच असं नाही. कदाचित तुझा कोट खरंच कुठल्या तरी हॉटेलच्या हॉलमध्ये एखादी मुलगी घालून चालेल, तुला ट्रॉफी मिळेल, फोटो मिळतील. पण ती निवड नव्हे. ज्यांनी कोट हातात घेतला नाही, आतून पाहिला नाही, कापड कुठलं हे विचारलं नाही, त्यांनी निवडलं काय? पैसे भरणाऱ्या सगळ्यांचीच 'निवड' होत असेल, तर तो शो म्हणजे भाड्यानं घेतलेला स्टॉल. स्टॉल घेण्यात गैर काही नाही, फक्त त्याला ज्युरी म्हणू नये.

खऱ्या निवडीच्या शोमध्येही फी असते, हे बाबांना सांग. प्रवेशिका तपासायलाही खर्च येतो. पण ती फी प्रवेशिकेची असते, निवड होण्याआधी भरायची, आणि नाकारलं गेलं तरी परत न मिळणारी. निवड झाल्यावर 'आता जागेचे पैसे' असं आलं की सावध व्हायचं. त्यांना उलट तीनच गोष्टी विचार : ज्युरीत कोण आहे, कशावरून निवड करता, आणि मागच्या वेळी किती जणांना नाकारलंत. तिसऱ्या प्रश्नाला बहुधा उत्तर येत नाही.

आता मैत्रिणीची परदेशी स्पर्धा. नाव लिहिलं नाहीस, पण वर्णनावरून ती न्यूझीलंडमधली 'वर्ल्ड ऑफ वेअरेबल आर्ट' असावी. ही स्पर्धा अस्सल आहे. सुझी मॉन्क्रीफ या शिल्पकार बाईंनी 1987 मध्ये नेल्सन या छोट्या शहराजवळच्या एका खेड्यातल्या कलादालनाची जाहिरात म्हणून ती सुरू केली; 2005 पासून ती वेलिंग्टनला भरते. कुठल्याही देशातून, डिग्री नसतानाही भाग घेता येतो, आणि भारतातले विद्यार्थी तिथे पोचलेले आहेत. पण नावातच आहे बघ, ती अंगावर घालायची कला आहे. तिथे लाकूड, धातू, प्लास्टिक, काहीही वापरून स्टेजवर डोळे दिपवणारं काहीतरी उभं करतात. तुझा कोट हिवाळ्यात महाबळेश्वरला घालून जाण्यासारखा आहे. तिथे तो हरवून जाईल. यात कमीपणा नाही, शर्यतच वेगळी आहे. बैलगाडा शर्यतीत दुभती म्हैस कोणी उतरवत नाही.

तुझ्या कामाच्या जास्त जवळची जात म्हणजे हातकामाच्या संस्थांचे शो. अमेरिकेतल्या हातमागवाल्यांची 'हँडवीव्हर्स गिल्ड ऑफ अमेरिका' नावाची संस्था आहे. तिचं 'कन्व्हर्जन्स' हे संमेलन 1972 पासून साधारण दर दोन वर्षांनी भरतं आणि त्यात ज्युरीनं निवडलेल्या कपड्यांचा फॅशन शो असतो. तिथे मॉडेलपेक्षा कापडाला मान. तू लगेच तिकडे पाठव असं म्हणत नाही. पण अशा शोच्या नियमावल्या इंटरनेटवर असतात, त्या डिक्शनरी घेऊन बसून वाच. नियम वाचूनच निम्मं शिक्षण होतं. साधारण सगळीकडे हेच विचारतात : काम तुमच्या स्वतःच्या डिझाइनचं आहे का, तयार किट किंवा क्लासमध्ये शिक्षकांनी करवून घेतलेलं नाही ना, गेल्या दोन-चार वर्षांतलं आहे का, धागा कशाचा, तंत्र कोणतं, पुढून, मागून आणि जवळून असे फोटो कुठे आहेत. आधी फोटोंवरून गाळणी लागते, मग प्रत्यक्ष कपडा पाहतात.

प्रत्यक्ष पाहतात म्हणजे काय करतात, हे मी एकदा शेजारी बसून बघितलंय. एका कॉलेजच्या शोसाठी निवड समिती होती, मी करिअरवर बोलायला गेले होते, तेवढ्यात मलाही खुर्ची दिली. एक वयस्कर बाई होत्या, एक्स्पोर्टच्या कारखान्यात सॅम्पलिंग सांभाळलेल्या. समोर एक भरजरी लेहंगा आला. त्यांनी पुढची बाजू दोन सेकंद पाहिली असेल. मग कंबरपट्टी उलटी केली, अस्तर बाजूला सारलं, शिवणीवर अंगठा दाबून सरकवला आणि म्हणाल्या, ''हे इंटरलॉक राहिलंय. चेन पण दोनदा उसवलीय.'' लेहंगा बाजूला. त्याच्या मागून एका मुलीचा साधा खादीचा शर्ट आला. त्याची काजं हातानं केलेली, कॉलरची दोन्ही टोकं एकसारखी, तुरपाई आतूनही दिसू नये अशी. तो शर्ट त्यांनी तीनदा हातात घेतला. मी मनात म्हटलं, आपल्या आज्या सून बघायला गेल्यावर पदराची उलटी बाजू बघायच्या, तेच हे.

म्हणून तुझ्या कोटाकडे उलट्या बाजूनं बघू. वाकळेत तीन-चार थर घातले की ऊब येते, पण कोटात तेवढे थर घातले तर तो खांद्यावरून लोंबतो. तू अंगाला किती थर घातलेस ते लिहिलं नाहीस. माझ्या अंदाजानं तीन. अंगाला दोन पुरेत, तिसरा फक्त कॉलर आणि पट्टीला ठेव. दुसरं, जुनं लुगडं धुऊन धुऊन मऊ झालेलं असतं, म्हणूनच ते आवडतं, पण मुंढा (बाही जोडतो ती जागा) आणि कोपर इथे ताण आला की तेच आधी फाटतं. तिथे आतून नव्या मांजरपाटाचा आधार दे, नवं कापड आधी पाण्यातून काढून आटवून घे. तिसरं, रंग. तुझ्या जॅकेटमधला तो लाल तुकडा नवा वाटतो. त्याच्यासोबत पांढरा ओला कपडा अर्धा तास दाबून ठेव. रंग उतरला तर तो तुकडा काढ, कितीही जीव असला तरी.

आणि ज्युरीला टाके मोजता येतात, हे लक्षात ठेव. कोटाच्या पाठीवरच्या धावदोऱ्याची लय फार छान आहे, पण खाली घेरापाशी टाके लांब होत गेलेत. रात्री उशिरा, कंटाळून घातलेले टाके फोटोतही ओळखू येतात!

निफ्टचं सरळ सांगते. बी.डेस. म्हणजे डिझाइनच्या पदवीच्या प्रवेशात सर्जनशीलतेची लेखी परीक्षा, सामान्य क्षमतेची परीक्षा आणि त्यानंतर सिच्युएशन टेस्ट असते. त्यात दिलेलं सामान वापरून हातानं काहीतरी घडवायचं असतं. तिथे कुठल्याही शोच्या प्रमाणपत्राला गुण नाहीत. वयाची मर्यादा 24 वर्षांची आहे, म्हणजे तुझ्याकडे अजून वेळ आहे. खारघरचं कॅम्पस तुला त्यातल्या त्यात जवळ. फीचा आकडा बघून बाबा दचकतील, तेव्हा शिष्यवृत्ती आणि शैक्षणिक कर्जाची माहिती आधी काढ, मगच विषय काढ. सिच्युएशन टेस्टमध्ये मात्र तुझ्यासारख्या मुली पुढे जातात. कारण बाकीची मुलं कात्री पकडायला शिकत असतात, आणि तू ती रोज वापरतेस.

नोकरीला उपयोग? होतो, पण प्रमाणपत्राचा नाही, कपड्याचा. सॅम्पलिंग युनिटला, कॉस्च्युम विभागात किंवा एखाद्या डिझायनरच्या वर्कशॉपमध्ये मुलाखतीला जाशील तेव्हा कोट सोबत ने. टेबलावर ठेव, उलटा करून दाखव. सोबत एक कागद : किती मीटर कापड, किती तास, कुठल्या टप्प्याला काय चुकलं, पुन्हा केलास तर किती वेळ लागेल. हा कागद ट्रॉफीपेक्षा जास्त बोलतो. तास लिहिलेस की आणखी एक गोष्ट होईल : हा कोट विकायचा तर किती रुपयांना, हे तुलाच पहिल्यांदा कळेल. ब्लाउजच्या हिशेबानं तासाची मजुरी लाव आणि बघ आकडा कुठे जातो.

शोमध्ये निवड झाली की लगेच आयुष्य बदलतं, ही समजूत रील्समुळे पसरली आहे. फॅशन डिझायनर राहुल मिश्रा हे फिजिक्सचे पदवीधर. पुढे अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइनच्या संस्थेत शिकले आणि 2006 मध्ये लॅक्मे फॅशन वीकमधून लोकांसमोर आले. लोकरीच्या कपड्यांसाठीचा आंतरराष्ट्रीय वूलमार्क पुरस्कार मिळवणारे पहिले भारतीय ठरले ते 2014 मध्ये. मधली आठ वर्षं कोणी रीलमध्ये दाखवत नाही. डिझायनर वैशाली शडांगुळे मध्य प्रदेशातल्या विदिशाहून मुंबईत आल्या, 2001 मध्ये मालाडला छोटं बुटिक काढलं, आणि आपलं खणाचं कापड, हातमाग हे सगळं घेऊन पॅरिसच्या हाउट कुटूर वीकला, म्हणजे हातानं शिवलेल्या उंची कपड्यांच्या शोला, पोचल्या 2021 मध्ये. वीस वर्षं झाली. तुझं वय तेवढं.

तर 18 हजारांचं काय करायचं? ते तुझ्याकडे असतील तर चांगली इस्त्री आणि कपडा चढवून बघायची डमी घे, उरलेले ठेव. पीएम विश्वकर्मा योजनेत शिवणकाम करणारे येतात. त्यात अवजारांसाठी 15 हजारांपर्यंत मदत, प्रशिक्षणाच्या काळात रोजचा भत्ता आणि पुढे कमी व्याजाचं कर्ज आहे. घरातल्या एकालाच लाभ मिळतो, तेव्हा आधी घरात ठरवा. गावातल्या सेवा केंद्रात चौकशी कर, सध्या काय चालू आहे ते तेच सांगतील. आईचा बचत गट असेल तर मुंबईत भरणाऱ्या महालक्ष्मी सरस या बचत गटांच्या प्रदर्शनात जॅकेट ठेवता येईल का, तेही विचार. तिथे येणाऱ्या बायका कपडा उलटा केल्याशिवाय घेत नाहीत. फुकटची ज्युरी!

एखाद्या खऱ्या शोला पुढच्या वर्षी जरूर पाठव. तीन नको, एकच पाठव, कोट. परदेशी पाठवायचा झाला तर कुरिअरच्या कागदावर 'प्रदर्शनासाठी, विक्रीसाठी नाही, परत येणार' असं स्पष्ट लिहून घे आणि जाण्याआधीचे फोटो जपून ठेव, नाहीतर परत येताना स्वतःच्याच कोटावर ड्युटी भरायची वेळ यायची. नाकारला गेला तर कारण विचारणारं दोन ओळींचं पत्र लिही. काही ठिकाणी ज्युरीचे शेरे देतात, तेच तुझ्या फीचे खरे पैसे.

आणि आजी. तुझ्या सरांशी मी सहमत नाही. दोघींनी केलेलं काम चालतं की नाही हे त्या त्या शोचे नियम सांगतील. चालत नसेल तर ती स्पर्धा सोडायची, आजीचं नाव नाही. मी तर म्हणेन, कागदावर नेमकं लिही : डिझाइन, कटिंग, बाह्या आणि कॉलर माझी, पाठीचा आणि डाव्या बाजूचा धावदोरा आजीचा, लुगडी आजीची, त्यातलं इरकली तिच्या लग्नातलं. (तसं नसेल तर अर्थातच लिहू नकोस.) यानं मार्क जात नाहीत. उलट ज्युरीला कळतं की कुठला हात कुणाचा हे या मुलीला ठाऊक आहे. एकटीचं म्हणून पाठवलंस आणि कोणी विचारलं, 'हा टाका उजवीकडून घातलाय की डावीकडून?' तर अडकशील. आजी डावखुरी आहे ना? पाठीवरचे टाके बघून मला तसं वाटलं.

आता ती उजवी बाही. फोटोत मुंढ्यापासून छातीकडे तिरकी सुरकुती ओढली गेलीय. बाहीचा कळस, म्हणजे खांद्याकडचा गोलाकार भाग, चुकीच्या ठिकाणी बसलाय, बोटभर पुढे गेलाय. रविवारी त्या लोकांची मुदत संपतेय, ती संपू दे. त्याच दिवशी बाही उसव, कोट कोणाच्या तरी अंगावर घाल, हात खाली सोडायला सांग आणि टाचण्या लावून पुन्हा बसव. आजीला बसवून बघायला सांग. सुरकुती तिला आधी दिसेल.