बाटलीच्या पाठीवर काय लिहिलंय?

प्रश्न: ताई, नणंद जर्मनीहून आली तेव्हा इटलीची एक वाइन घेऊन आली. मागे क्यूआर कोड होता, स्कॅन केला तर द्राक्षं, सल्फाइट्स, गम अरेबिक, कॅलरी, सगळी यादीच समोर. मग घरातली नाशिकची बाटली काढून बघितली तर असलं काहीच नाही! आपले लोक लपवतात का? आणि सासूबाई विचारतायत, यात अंडं-बिंडं तर नसतं ना? त्या पक्क्या शाकाहारी, पण घोटभर वाइन चालते.
– एक वाचक, नाशिक

उत्तर: लपवत नाहीत हो, कायदाच वेगळा आहे. युरोपात पण कालपरवापर्यंत बिस्किटाच्या पुड्यावर सगळं आणि वाइनवर काही नाही असंच होतं, कारण १.२ टक्क्यांवर अल्कोहोल असलं की यादीतून सूट. ८ डिसेंबर २०२३ पासूनच्या वाइनला ती सूट गेली. बाटलीवर अ‍ॅलर्जीचे पदार्थ आणि कॅलरी, बाकीचं कोडमध्ये टाकलं तरी चालतं, आणि त्या पानावर जाहिरात करायची नाही हे मला फार आवडलं. व्हिस्की-बिअरला सूट तशीच आहे, त्यामुळे नणंदेच्या बॅगेतल्या दुसऱ्या बाटलीवर शोधत बसू नका :)

आपल्याकडे एफएसएसएआयने (अन्नसुरक्षेचं सरकारी खातं) २०१८ मध्ये आणलेल्या नियमांत उलटंच होतं, दारूच्या लेबलवर पोषणाची माहिती द्यायचीच नाही. मग हिशोब आपणच करायचा, एक ग्रॅम अल्कोहोलला ७ कॅलरी, म्हणजे १३ टक्क्यांच्या वाइनचा १५० मिलीचा ग्लास शंभराच्या थोडा वर जातो, साखर असली तर अजून. तेल लावलेली एक पोळी धरा. सल्फाइट (वाइन टिकावी म्हणून असलेलं गंधकाचं रसायन) मात्र आपल्याकडेही लिहावं लागतं, बारीक अक्षरात २२० किंवा २२४ आकडा दिसेल, घरात कोणाला दमा असेल तर तो आधी बघा. (डोकं दुखलं की सगळे सल्फाइटच्या नावाने खडे फोडतात, पण त्या केशरी चकचकीत जर्दाळूत ते वाइनपेक्षा कितीतरी जास्त असतं, ते खाताना कोणी काही बोलत नाही.)

आता अंडं. गढूळ पाण्यात आपण तुरटी फिरवतो ना, तसंच काही ठिकाणी रेड वाइनच्या पिंपात अंड्याचा पांढरा बलक घालतात, तुरटपणा धरून तो खाली बसतो आणि वरची नितळ वाइन काढून घेतात. कुठे दुधातलं केसिन वापरतात, कुठे चक्क माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेलं इसिंग्लास. हे काढून टाकलेलं असतं म्हणून घटकांच्या यादीत येत नाही, अंड्याचा-दुधाचा अंश सापडला तरच युरोपात लिहावं लागतं, माशाला तेही नाही. आणि आपला हिरवा ठिपका? दारूला त्यातूनही सूट! म्हणून बाटलीवर ‘वीगन’ लिहिलंय का बघा, नाहीतर तुम्ही नाशिकच्याच, वायनरीत गेलात की सरळ विचारा, फायनिंग, म्हणजे वाइन नितळ करायचं काम, कशाने करता. बेंटोनाइट म्हणाले तर ती माती असते, सासूबाईंना चालेल.