वाचकांचे प्रश्न : मेंदूतला साका आणि नवी इंजेक्शने

प्रश्न (सातारा) : माझ्या आईचे वय 72 आहे. गेल्या दीड वर्षापासून ती एकच गोष्ट पुनःपुन्हा विचारते, आणि गेल्या दिवाळीत चकलीच्या भाजणीचे प्रमाण ती आयुष्यात प्रथमच चुकली. डॉक्टरांनी तिला घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायला सांगितले, तेव्हा तिने मोठा काटा दहाच्या आकड्यावर नेला. अल्झायमरची सुरुवात आहे, असे त्यांनी सांगितले. माझा धाकटा भाऊ बॉस्टनला असतो. तो म्हणतो की मेंदूतील कचरा साफ करणारे इंजेक्शन तिकडे मिळते, आईला घेऊन ये. हे इंजेक्शन घेतले तर आई पूर्वीसारखी होईल का?

उत्तर : आधी आपल्या प्रश्नाचे सरळ उत्तर देतो. आई पूर्वीसारखी होणार नाही. गेलेली स्मृती परत आणण्याचा दावा या औषधांच्या कंपन्याही करत नाहीत. पुढची घसरण थोडी हळू व्हावी, एवढाच त्यांचा हेतू आहे. ते 'थोडी' म्हणजे नेमके किती, हे मात्र आपण समजून घ्यायला हवे, कारण निर्णय त्यावरच ठरणार आहे.

आपला भाऊ ज्याला कचरा म्हणतो, तो अमायलॉइड बीटा नावाच्या प्रथिनाचा साका होय. आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी 1906 मध्ये एका मृत रुग्ण स्त्रीच्या मेंदूच्या कापात सूक्ष्मदर्शकाखाली दोन गोष्टी पाहिल्या : पेशींच्या बाहेर साचलेला साका आणि पेशींच्या आत वळलेल्या धाग्यांचे गुंते. गुंते टाऊ नावाच्या दुसऱ्याच प्रथिनाचे असतात, हे पुढे कळले. भावाने सांगितलेली इंजेक्शने यांपैकी फक्त पहिल्यावर, म्हणजे साक्यावर, काम करतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने लेकॅनेमॅबला जुलै 2023 मध्ये पूर्ण मान्यता दिली आणि डोनॅनेमॅबला जुलै 2024 मध्ये. दोन्ही प्रतिपिंडे आहेत, म्हणजे जंतुसंसर्गानंतर शरीर जी प्रथिने तयार करते त्याच जातीची, परंतु प्रयोगशाळेत घडवलेली.

लेकॅनेमॅबच्या मुख्य चाचणीत 1795 रुग्ण होते. ते सर्व सौम्य अवस्थेतील होते. निम्म्यांना दर पंधरवड्याला औषध शिरेतून दिले गेले आणि निम्म्यांना त्याच पद्धतीने बिनऔषधाचा द्राव. हे 18 महिने चालले. रुग्णाची स्थिती मोजायला जी श्रेणी वापरली, तिच्यात स्मरण, दिशा व काळाचे भान, निर्णय घेणे, घराबाहेरचे व्यवहार, घरकाम व छंद आणि स्वतःची निगा अशी सहा अंगे असतात, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण असतात आणि एकूण बेरीज 18 पर्यंत जाते. गुण वाढणे म्हणजे आजार वाढणे. दीड वर्षात बिनऔषधाच्या गटाचे गुण सरासरी 1.66 ने वाढले आणि औषधाच्या गटाचे 1.21 ने. फरक 0.45 चा. वर्तमानपत्रांत आलेली '27 टक्के' ही संख्या याच दोन आकड्यांवरून काढलेली आहे. ती चूक नाही, पण 18 गुणांच्या मोजपट्टीवर अर्ध्या गुणाहून कमी फरक, असे म्हटले की तिचा आकार डोळ्यांसमोर येतो.

आता दुसरा आकडा पाहा. त्याच चाचणीत मेंदूतील साका वेगळ्या मोजपट्टीवर मोजला होता, जिच्यावर तरुण निरोगी मेंदू शून्यावर आणि सौम्य अल्झायमरचा सर्वसाधारण रुग्ण शंभरावर असतो. औषध घेणारे सुरुवातीला सरासरी 78 च्या आसपास होते आणि 18 महिन्यांनी 23 च्या आसपास आले. म्हणजे साका साफ करण्याचे काम औषधाने खरोखरच चोख केले. तरीही माणसाची घसरण थांबली नाही, फक्त मंदावली. 'मेंदू साफ होतो' हे आपल्या भावाचे वाक्य खरे आहे आणि 'आई बरी होईल' हा त्यातून आपण काढलेला अर्थ खरा नाही. फोनवर बोलताना ही दोन वाक्ये एकमेकांत मिसळतात, म्हणून मी आकडे इतक्या विस्ताराने दिले.

धोक्यांचेही बोलले पाहिजे. साका केवळ पेशींभोवती नसतो, तो मेंदूतील बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही असतो, आणि तेथून तो सुटू लागला की भिंत पाझरते. या चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी 12.6 टक्क्यांच्या एमआरआयमध्ये मेंदूला सूज दिसली. बहुतेकांना त्याचा त्रास जाणवला नाही, पण काहींना डोकेदुखी, गोंधळ, चक्कर असे त्रास झाले. या औषधांमुळे मेंदूत गंभीर रक्तस्राव होऊन मृत्यू झाल्याच्याही नोंदी आहेत. ज्यांना अपोई-4 या जनुकाच्या दोन प्रती मिळालेल्या असतात, म्हणजे आईकडून एक आणि वडिलांकडून एक, त्यांच्यात सूज येण्याचे प्रमाण 32.6 टक्के होते. त्यामुळे औषध सुरू करण्यापूर्वी या जनुकाची तपासणी करण्याचा सल्ला देतात, पहिल्या महिन्यांत एमआरआय पुनःपुन्हा करावा लागतो, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर अनेक तज्ज्ञ हे औषध देतच नाहीत. आईंना हृदयासाठी अशी गोळी आहे का, हे आपल्या पत्रात नाही. असेल, तर भावाला तिकडच्या डॉक्टरांना प्रथम हेच विचारायला सांगा. अमेरिकेत लेकॅनेमॅबची जाहीर किंमत 2023 मध्ये वर्षाला 26,500 डॉलर ठेवली होती, आणि त्यात स्कॅन, दवाखाना व दर पंधरवड्याची ये-जा धरलेली नाही. बहात्तराव्या वर्षी ओळखीचे घर, शेजार आणि भाषा सोडून परक्या गावी राहण्याने अशा रुग्णाचा गोंधळ वाढू शकतो, हेही हिशेबात धरा. मी आपल्या जागी असतो, तर तिकीट काढण्यापूर्वी येथील मेंदूविकारतज्ज्ञांना एकच प्रश्न विचारला असता : साका खरोखर आहे हे आईच्या बाबतीत कोणत्या तपासणीने सिद्ध झाले आहे? ते सिद्ध झालेले नसेल, तर हे औषध त्यांच्यासाठी नाहीच.

घड्याळाबद्दल थोडेसे. 'अकरा वाजून दहा' हीच वेळ मुद्दाम देतात. कानावर 'दहा' पडते आणि कागदावर दहाचा आकडा समोर असतो, त्यामुळे हात तिकडे ओढला जातो. ती ओढ आवरून दहा मिनिटे म्हणजे दोनचा आकडा, असे भाषांतर करायला मेंदूचा पुढचा भाग लागतो. आपल्या आईंना आकडे आठवले होते, ओढ आवरता आली नाही. तरी एवढ्या एका चित्रावरून निदान होत नाही.

प्रश्न (इचलकरंजी) : मी भौतिकशास्त्राच्या पदवीचा विद्यार्थी आहे. कवटी न उघडता जिवंत माणसाच्या मेंदूतील एक विशिष्ट प्रथिन कसे दिसते? एक्स-रेमध्ये तर ते दिसत नाही.

उत्तर : आपल्या गावाहून हा प्रश्न यावा याची मला मौज वाटली, कारण याचे उत्तर कापड रंगवण्यापासून सुरू होते. काँगो रेड हा सुती कापडासाठीचा रंग. तो अमायलॉइडला चिकटतो, हे विकृतिशास्त्रज्ञांना फार पूर्वीच कळले होते, आणि मृत ऊतींचे काप ते त्याने रंगवत. थायोफ्लेविन-टी हाही त्याच कामाचा दुसरा रंग. अडचण अशी की हे रेणू जिवंत माणसाच्या रक्तात सोडले तरी मेंदूत शिरत नाहीत, कारण मेंदूच्या केशवाहिन्यांची भिंत फार निवडक असते. पिट्सबर्ग विद्यापीठातील विल्यम क्लंक आणि चेस्टर मॅथिस यांनी थायोफ्लेविनच्या रेणूवरील विद्युतभार काढून टाकला, त्याला लहान व उदासीन केले, आणि त्यात साध्या कार्बनऐवजी किरणोत्सारी कार्बन-11 बसवला. या संयुगाने पहिल्या माणसाचे चित्र 2002 मध्ये स्वीडनमधील उप्साला येथे घेतले गेले.

पुढचा भाग आपल्या अभ्यासक्रमातला आहे. कार्बन-11 च्या अणुकेंद्रातून पॉझिट्रॉन बाहेर पडतो, म्हणजे डिरॅकच्या 1928 च्या समीकरणातून सूचित झालेला आणि 1932 मध्ये अँडरसनने प्रत्यक्ष पाहिलेला धन विद्युतभाराचा इलेक्ट्रॉन. तो ऊतीत फार तर काही मिलिमीटर जातो, तोच त्याला साधा इलेक्ट्रॉन भेटतो आणि दोघेही नाहीसे होतात. त्यांच्या वस्तुमानाची ऊर्जा दोन गॅमा किरणांच्या रूपाने बाहेर पडते. प्रत्येकाची ऊर्जा 511 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट असते आणि दोघे जवळजवळ अगदी विरुद्ध दिशांना जातात. डोक्याभोवती स्फटिकांचे कडे असते. समोरासमोरच्या दोन स्फटिकांत काही नॅनोसेकंदांच्या आत एकाच वेळी चमक झाली, तर ती घटना त्या दोहोंना जोडणाऱ्या रेषेवर कोठेतरी घडली, असे यंत्र धरते. अशा लक्षावधी रेषा जेथे एकमेकींना छेदतात, तेथे साका आहे. प्रकाश एका नॅनोसेकंदात 30 सेंटिमीटर जातो, त्यामुळे दोन चमकांमधील सूक्ष्म वेळफरक पकडणारी नवी यंत्रे त्या रेषेवरील जागाही बऱ्यापैकी सांगतात. यालाच पेट स्कॅन म्हणतात.

या सर्वांत माणसांची जी धावपळ असते, ती मात्र पुस्तकात नसते. कार्बन-11 चा अर्धायुकाल, म्हणजे त्याचे निम्मे अणू संपायला लागणारा वेळ, सुमारे 20 मिनिटांचा आहे. सायक्लोट्रॉनमध्ये, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रात, तो तयार झाला, शिशाच्या भिंतीआड रेणूत बसवला, शुद्ध केला, तपासला, आणि यात एक तास गेला, तर आठवा हिस्सा उरला. म्हणून सायक्लोट्रॉन आणि रुग्ण एकाच आवारात हवेत. पुढे फ्लोरिन-18 वर आधारलेले रेणू आले. त्याचा अर्धायुकाल 110 मिनिटांचा, त्यामुळे ते सकाळी एका ठिकाणी बनवून गाडीने दुसऱ्या रुग्णालयात पाठवता येतात. आपल्याकडील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन 2002 मध्ये परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाले. त्याचा उपयोग मुख्यतः कर्करोगाच्या चित्रांसाठी झाला, पण यामागचे भौतिकशास्त्र तेच.

या यंत्राविना साताऱ्याच्या पत्रातील औषधे तपासताच आली नसती. पूर्वीच्या काही चाचण्यांत ज्यांच्या मेंदूत अमायलॉइड नव्हतेच, अशा रुग्णांनाही अमायलॉइडविरोधी औषध दिले गेले होते. निदान केवळ लक्षणांवरून केलेले होते आणि डोक्यात डोकावण्याची सोय नव्हती.

प्रश्न (ठाणे) : अल्झायमरवरील 2006 चा एक गाजलेला शोधनिबंध मागे घेतला गेला, त्यातील चित्रांत फेरफार होते, असे वाचले. मग अमायलॉइडचा सिद्धांतच बनावट म्हणायचा का?

उत्तर : नाही. तो निबंध 2024 मध्ये मागे घेतला गेला हे खरे आहे आणि ते लज्जास्पदही आहे. परंतु तो अमायलॉइडच्या एका विशिष्ट, उंदरांत सापडल्याचे सांगितलेल्या रूपाबद्दल होता. सिद्धांताचा पाया त्याच्या फार आधीचा आणि आनुवंशिकीतला आहे. हे प्रथिन ज्या मोठ्या प्रथिनातून कापले जाते, त्याचे जनुक 21 व्या गुणसूत्रावर आहे, आणि डाऊन सिंड्रोममध्ये ते गुणसूत्र तिप्पट असल्याने त्या व्यक्तींच्या मेंदूत चाळिशीतच साका आढळतो. लेकॅनेमॅबही एका कुटुंबाच्या आनुवंशिक अभ्यासातून आले. उत्तर स्वीडनमधील एका घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या लवकर अल्झायमर होत असे. त्यांच्यातील जनुकबदलामुळे अमायलॉइडचे अर्धवट जुळलेले, विरघळणारे धागे जास्त बनतात, हे लार्स लॅनफेल्ट यांच्या उप्सालातील गटाला दिसले, आणि या धाग्यांना पकडणारे प्रतिपिंड त्यांनी शोधले.

सिद्धांत खोटा नाही, पण अपुरा आहे, असे माझे मत आहे. कोलंबियातील एका मोठ्या घराण्यात वारशाने येणाऱ्या दोषामुळे बहुतेकांची स्मृती चाळिशीच्या मध्यास ढासळते. त्याच घराण्यातील एका स्त्रीच्या मेंदूत अमायलॉइड खच्चून भरलेले होते, तरी तिला सत्तरी येईपर्यंत लक्षणे दिसली नाहीत. तिच्या अपोई जनुकात एक अत्यंत दुर्मीळ बदल होता आणि तिच्या मेंदूत टाऊचे गुंते फारच थोडे होते. हे 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. साका भरपूर असूनही तीस वर्षे माणूस शाबूत राहू शकतो, तर साका आणि विस्मरण यांच्यामध्ये आणखी एक पायरी आहे. संशोधन आता तिच्या मागे लागले आहे.

प्रश्न (पुणे) : माझे वय 52. मला माणसांची नावे पटकन आठवत नाहीत. पत्नी म्हणते की मी टीव्ही फार मोठ्याने लावतो, म्हणजे माझे कशातच लक्ष नसते. अल्झायमर रक्ततपासणीत कळतो असे वाचले. करून घेऊ का?

उत्तर : आपल्या बाबतीत नको. रक्तातील टाऊच्या एका रूपाचे अमायलॉइडशी गुणोत्तर काढणाऱ्या तपासणीला अमेरिकेत मे 2025 मध्ये परवानगी मिळाली, पण ती वयाची 55 वर्षे पूर्ण केलेल्या, लक्षणे असलेल्या आणि तज्ज्ञांकडे आलेल्या व्यक्तींसाठी. लक्षणे नसलेल्या माणसात तिचा होकार निरुपयोगी आणि झोप उडवणारा ठरतो. स्मृती उत्तम असलेल्या लोकांतही पन्नाशीत सुमारे 10 टक्क्यांच्या आणि नव्वदीत सुमारे 44 टक्क्यांच्या मेंदूत अमायलॉइड सापडते, आणि त्यांतील अनेकांना आजार कधीच होत नाही. मूत्रपिंडाचा विकार असला तरी हे टाऊ रक्तात वाढलेले दिसते.

नाव जिभेवर अडकणे आणि थोड्या वेळाने आठवणे हे आपल्या वयाला साजेसे आहे. बी-12 जीवनसत्त्व आणि थायरॉइड मात्र तपासून घ्या, विशेषतः आपण शाकाहारी असाल तर, कारण या दोहोंच्या कमतरतेने येणारा विसरभोळेपणा उपचाराने सुधारू शकतो. झोपेची किंवा सर्दीची गोळी रोज घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. आपल्या पत्रातील मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली ओळ टीव्हीच्या आवाजाची आहे. मध्यम वयातील बहिरेपणा हा स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांपैकी मोठे कारण मानला जातो, आणि जे नाव नीट ऐकूच आले नाही ते आठवणार तरी कसे? कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. तिला फार वेळ लागत नाही, आणि पत्नीलाही बरोबर न्या.